फेरातल्या पाठी

आमच्या केंद्रातल्या शाळांच्या एकत्र संमेलनात नाच बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. सुरुवातीला हौस होती. आता कोल्हारला जाऊन भाड्याची नऊवारी लुगडी आणायची म्हटलं तरी पाय आधीच दुखायला लागतात.

त्या वर्षी मी पंचमीचा फेर बसवत होते. जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली सहावीतली एक मुलगी त्यात होती. पाऊल चपळ, पण फेरात दर वेळी प्रेक्षकांकडे पाठ करायची. मी खांदे धरून तिला वळवायची. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच करायची.

एका संध्याकाळी तिची आई तिला न्यायला आली, थेट उसाच्या फडातून, हातांवर पाचटाचे ओरखडे. थोडा वेळ बघत उभी राहिली, मग चपला काढून म्हणाली, "बाई, मी एकडाव दावू का?"

तिनं मुलींना गोल उभं केलं, हात धरायला लावले आणि जरा वाकून पाऊल टाकलं. दिवसभर मोळ्या वाहिलेली बाई, पण पाऊल इतकं हलकं की मीही टाळीनं ताल धरला. मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. तालमीत मी 'हसा गं, हसा' म्हणून घसा कोरडा करायची, तेव्हा एकही हसली नव्हती.

"सुरेख आहे," मी म्हणाले, "पण परीक्षकांना पाठीच दिसतील."

"दिसू द्या की. फेर काय लोकांसाठी आसतो व्हय? आमी एकमेकींची तोंडं बगायला फेर धरतो. सासरी गेलेल्या समद्या तवाच भेटत्यात." मग म्हणाली, "टोळी कोपरगावकडं निगाली हाय. मुकादमाला म्हनलं, लेकीचा फेर बगू द्या, मंग जाऊ."

मला पटलं होतं. पण आदल्या वर्षी नंबर हुकला होता, मुख्याध्यापक येता-जाता टोमणे मारत होते आणि मी दमले होते. तिची पावलं ठेवली, गोल मोडून अर्धगोल केला, सगळ्यांची तोंडं पुढे.

दुसरा नंबर आला. त्या मुलीची आई मागे भिंतीशी उभी होती. मी ढाल घेऊन तिच्याकडे गेले. शाबासकी हवी होती मला, आता सांगायलाही लाज वाटते.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पर पोरी एकमेकीला दिसल्याच न्हाईत."

हे ती रागानं म्हणाली नव्हती. दुसऱ्या दिवशी टोळी गेली. पुढच्या हंगामात त्या मायलेकी आमच्याकडे आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत.

तेव्हापासून माझा फेर गोलच असतो. नंबर येत नाही. मुख्याध्यापक बदलले, पण टोमणा तोच: "बाई, पाहुण्यांना काय पाठी दाखवता?" समजावून सांगायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. मी बरं म्हणते आणि गोलच ठेवते.

यंदाही मी स्टेजखाली उभी होते. मुली हसत होत्या, ते त्यांच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळत होतं. मी मागे वळून पाहिलं. भिंतीशी ऊसतोडीच्या चार-पाच बायका उभ्या होत्या. तिला दाखवावा असा फेर शेवटी जमला होता, आणि ती त्यांच्यात नव्हती.