मागच्या बाकावरचा नारंगी दिवा

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून फोन करतात! नेटवर्क नीट चाललं असताना "मनीषाताई, आज सगळं छान चाललंय हं" असं सांगायला आजवर एकाही माणसाने मला फोन केलेला नाही. बंद पडलं, की मात्र जळगावपासून धुळ्यापर्यंत सगळ्यांना माझी आठवण येते. त्यामुळे फोन वाजला की समजायचं, आला एक किस्सा.

ऑफिस जळगावला, माणसं तीन. मालक नाना, पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. अजूनही कुठल्याही यंत्राला आधी एक चापट मारून बघतात. दुसरे इरफानभाई. वायर ओढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. तिसरी मी. स्विच बसवायचे, त्यांची सेटिंग करायची आणि गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, बरं का! सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही, पण तुम्ही शहाणे आहात.

* * *

रावेरच्या एका केळीच्या पॅकिंग हाउसमधून फोन आला. तिथले मॅनेजर भलतेच खुशीत होते.

"ताई, आज नेट लय जोरात आहे! पेटीवरचे सगळे दिवे नुसते नाचून राहिले!"

"मग अडचण काय आहे, भाऊ?"

"काहीच उघडत नाहीये!"

गेलो. बाहेर केळी भरलेला ट्रक उभा, आत बिल निघेना, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. बघितलं तर कोणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच पेटीत खोचलेली. नेटवर्कमध्ये "कोण आहे रे तिकडे?" अशी एक हाक सारखी सगळ्यांना जात असते. वाट गोल झाली, की ती हाक फिरून परत येते, पुन्हा सगळ्यांना जाते, पुन्हा येते. शेवटी नुसता हाकांचा गोंगाट उरतो आणि कामाचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही.

इरफानभाईंनी एक टोक उपटलं. दिवे शांत झाले, बिल निघालं, ट्रक हलला. मॅनेजर मात्र हिरमुसून पेटीकडे बघत राहिले.

"काम चालू झालं हे खरं," ते म्हणाले, "पण मघासारखं जोरात नाही वाटून राहिलं!"

* * *

आता तुम्ही म्हणाल, गोल वाट इतकी वाईट, तर दोन वाटा ठेवताच कशाला? अहो, एक तुटली तर दुसरी हवी ना! म्हणून चांगल्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची सोय असते. वायरी दोन्हीकडून जोडलेल्या राहू द्यायच्या, पण गोल होऊ द्यायचं नाही. त्यासाठी ती प्रत्येक पोर्टला, म्हणजे वायर खोचायच्या प्रत्येक खाचेला, एकेक काम नेमून देते. कोणी रूट, कोणी डेझिग्नेटेड, कोणी अल्टरनेट.

ही नावं मला स्तोत्रासारखी पाठ होती, आणि स्तोत्राइतकीच समजत होती. कोणता पोर्ट काय होणार हे आधी सांगायची वेळ आली, की माझी पाटी कोरी. याची मला मनातून भीतीच बसली होती.

डोक्यात प्रकाश पडला तो व्हॅनमध्ये. आम्ही धुळ्याला निघालो होतो. फाटा जवळ आला तसे इरफानभाई म्हणाले, "नाना, सरळ पारोळ्यावरून घ्या ना. हायवे आहे."

"अमळनेरना चहा चांगला शे," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले.

"अहो, रस्ता चहावर ठरतो का? आपला स्विच नाही ठरवत! धुळे म्हणजे मुख्य स्विच समजा, सगळ्यांचा रूट. प्रत्येक गावाने बघायचं, धुळ्याला जायला कोणता रस्ता स्वस्त. रुंद रस्ता स्वस्त, अरुंद महाग. सगळ्यात स्वस्त रस्ता गावाच्या ज्या तोंडाशी सुरू होतो, तो त्या गावाचा रूट पोर्ट. प्रत्येक गावाला असं तोंड एकच!"

"समजलं!" मी मागून इतक्या जोरात ओरडले की नानांनी ब्रेक मारला. इतकी वर्षं मानगुटीवर बसलेलं भूत उतरल्यासारखं वाटलं मला.

"ऐका," नाना इरफानभाईंना म्हणाले, "पोरले बी चहा पाहिजे!" आणि गाडी अमळनेरकडे वळवली.

* * *

धुळ्याला आम्ही अक्कांकडे चाललो होतो. अक्का म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. घरामागच्या इमारतीत त्यांनी ऑनलाइन परीक्षांचं केंद्र काढलं होतं. साक्री-शिरपूरकडच्या मुलींनी एका पेपरसाठी नाशिकला का जायचं, हा त्यांचा सवाल. "पहाटेच्या गाडीत उभ्याने गेलेली मुलगी पेपर सोडवेल की डुलक्या घेईल?" ते केंद्र म्हणजे अक्कांचा जीव होता.

तक्रार अशी, की स्विच नवे घेतले तरी पेपर उघडता उघडत नाही. पेट्या तीन. खाली सर्व्हर रूममध्ये एक नवी, वर परीक्षेच्या हॉलमध्ये एक नवी, आणि जिन्याखाली ऑफिसपुरती एक म्हातारी. तिघी एकमेकींना जोडलेल्या. मी लॅपटॉप लावला आणि हसू आवरेना. मुख्य स्विच झाली होती ती जिन्याखालची म्हातारी! कोणी काही सांगितलं नसेल, तर ज्या पेटीचा जन्मजात नंबर सगळ्यात लहान ती मुख्य होते, आणि जुन्या पेटीचा नंबर बहुधा लहानच असतो. मग हॉलचा सगळा कारभार तिच्या अरुंद वाटेने, आणि हॉल ते सर्व्हर ही रुंद वाट बंद.

"म्हणजे सगळ्यात जुना, सगळ्यात मंद, तोच कारभारी?" अक्कांनी विचारलं.

"आमना गावमा बी असंच शे!" नाना म्हणाले.

मी सर्व्हर रूमच्या पेटीला मुख्य करून टाकलं. पेपर चटाचटा उघडायला लागले. पण अक्का मास्तरीणबाई, कारण कळल्याशिवाय सोडतील कशा?

"सर्व्हर रूम म्हणजे हेडमास्तर," मी म्हटलं. "रूट पोर्ट म्हणजे हेडमास्तरांकडे जायचं दार. डेझिग्नेटेड म्हणजे मॉनिटर. प्रत्येक वायरीवर एकच, पुढे बोलायचा मान त्याचा."

"आणि हा?" त्यांनी जिन्याखालच्या पेटीकडे बोट केलं. सगळे दिवे हिरवे, एकच नारंगी.

"तो अल्टरनेट. हॉलकडून आलेली वायर आहे. हेडमास्तरांचे निरोप सगळे ऐकतो, पण पुढे काही पाठवत नाही."

"मागच्या बाकावरचा!" अक्का म्हणाल्या. "ऐकतो सगळं, हात काही वर करत नाही. जन्मभर पाहिलेत असले. काढून टाका त्याला!"

"अक्का, तेवढं नका करू," मी हात जोडले.

* * *

हात जोडायला कारण होतं. जळगावच्या एका डाळमिलमध्ये शेटजींनी हेच केलं होतं. त्यांना नारंगी दिवा बघवेना. "मॅडम, माझ्याकडे फुकट बसून कोणी खात नाही," म्हणाले, आणि आम्ही निघताच ती वायर उपटून गेटवरच्या कॅमेऱ्याला लावली.

पुढे उंदरांनी मुख्य वायर कुरतडली. डाळमिल आहे, उंदरांना काय तोटा! वजनकाटा एकीकडे, ऑफिस एकीकडे, मालाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. शेटजींचा फोन.

"मॅडम, तो नारंगीवाला कुठे आहे? त्याला ताबडतोब कामावर घ्या!"

"शेटजी, त्याला तुम्हीच काढून टाकलंत."

"अहो, काढलं म्हणजे काय? रागात बोलून जातो माणूस!"

* * *

अक्कांनी नारंगी दिव्याला हात लावला नाही. पण खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी शेतकरी अवजारं पुजतो, सोनार तराजू पुजतो, तर अक्कांनी नेटवर्क पुजलं. हॉलमधली एकूण एक पेटी पुसली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. मागच्या रांगेत तीन-चार कॉम्प्युटरसाठी बसवलेली एक स्वस्तातली डबी होती. आम्ही नव्हे हो, आधीच्या माणसाने बसवलेली! तिला स्पॅनिंग ट्री कशाशी खातात ते माहीत नव्हतं. तिच्यातून एक वायर लोंबत होती. अक्कांनी ते मोकळं टोक उचललं आणि नीटसपणे त्याच डबीत खोचून दिलं.

दसऱ्यानंतर परीक्षा घेणाऱ्या कंपनीची माणसं चाचणीला आली, आणि अख्खा हॉल ठप्प. रावेरचा गोंगाट इथे! आम्ही पोचलो तेव्हा ती माणसं निघून गेली होती. पुन्हा एकदा असं झालं तर केंद्र बंद, असं बजावून.

मी डबीकडे बोट करून विचारलं, "अक्का, ही वायर कोणी लावली?"

"मी," अक्का ताठ मानेने म्हणाल्या. "पूजेच्या दिवशी लोंबती वायर बरी दिसते का?"

बोलल्या ताठ मानेने, पण लगेच वाकून ती वायर स्वतःच उपटली. मला फार वाईट वाटलं. डबी आम्ही त्याच दिवशी काढून टाकली. तिच्या गळ्यातली माळ मात्र इरफानभाईंनी आधी हळूच उतरवून बाजूला ठेवली.

* * *

त्या ताकिदीनंतरचा पहिला खरा पेपर थंडीत आला. अक्कांचं म्हणणं, तिघांनीही यायचं. इरफानभाई आणि मी जिन्याखाली, अक्का शेजारी खुर्चीवर, वर हॉल मुलींनी भरलेला, आणि कंपनीची माणसं दारात.

नाना इमारतीच्या मागे होते. पेपर सुटला की सगळ्यांना भरीत खाऊ घालायचं म्हणून त्यांनी यावलकडची हिरवी वांगी आणली होती. पेपर सुरू झाल्याची घंटा झाली आणि त्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळक्या काड्या, पेटवल्या. भाजल्या वांग्यांचा वास जिन्यापर्यंत आला. "पोरींचं लक्ष उडेल," अक्का कुरकुरल्या.

तेवढ्यात माझ्या लॅपटॉपवर लाल ओळ आली. हॉल ते सर्व्हर, ती रुंद वाट, गेली.

इरफानभाई बाहेर धावले. अक्कांनी माझा चेहरा वाचला. "काय झालं?"

"हॉलची मुख्य वायर तुटली."

वायर गेली की मुलींच्या पडद्यावर एक चक्र फिरायला लागतं, आणि फार वेळ फिरत राहिलं तर पेपर बंद पडतो, हे अक्कांना माहीत होतं. त्या जिन्याखालच्या पेटीकडे बघायला लागल्या. मीही.

दिवा नारंगीच.

आता यानेच उठायला हवं, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांदेखत होणं वेगळं. अक्का पुटपुटल्या, "ऊठ रे बाबा. ऊठ."

दिवा हिरवा झाला.

अक्का दुखरे गुडघे विसरून जिना चढल्या, दाराच्या काचेतून आत बघितलं आणि कठड्याला धरून खाली आल्या. "सगळ्याजणी लिहिताहेत," म्हणाल्या. "एकीनेही मान वर केली नाही." मला रडूच फुटलं. सुटल्याचं रडू होतं ते, थांबवावंसंही वाटेना.

मागच्या दाराने इरफानभाई आले, हातात वितळून वाकडा झालेला प्लास्टिकचा पाइप, आत आमचीच वायर. नानांनी वारा लागू नये म्हणून चूल नेमकी भिंतीवरच्या त्या पाइपाला चिकटून मांडली होती! पाठोपाठ काळ्या हातांनी नाना आले.

"काय व्हयनं?" त्यांनी आमच्या तोंडांकडे बघत विचारलं. "वांगा तं मस्त भाजाई ग्यात!"

पेपर वेळेवर सुटला. कंपनीच्या माणसांनी काही तक्रार नाही म्हणून सांगितलं, आणि भरीत-भाकरी खाऊनच गेली. मुली उजेडातच आपापल्या गाड्यांनी घरी निघाल्या. अक्कांनी सगळ्यांना आग्रहाने वाढलं, नानांना सर्वांत शेवटी.

जेवण झाल्यावर इरफानभाईंनी नवी वायर ओढली आणि तिचं टोक हातात घेऊन जिन्याशी आले. "अक्का, जोडून टाकतो. जोडली की सगळं पहिल्यासारखं. हा परत नारंगी होईल."

अक्का वाकून जिन्याखाली बघत होत्या.

"आज नको," त्या म्हणाल्या.

"एका मिनिटाचं काम आहे, अक्का. आणि आता सगळं त्या अरुंद वाटेने चाललंय."

"चालू द्या. पेपर संपलाय," अक्का म्हणाल्या. "आजचा दिवस त्याला हिरवा राहू द्या. उद्या बसवा मागच्या बाकावर."