चार बोटी पाऊल

"आक्का, चारच बोटं! आक्का, करंगळी कुठंय?" मी एवढी ओरडले की कडेवरची माझी पोरगी, तायडी, दचकून रडायलाच लागली. तिचा पाय कुंकवानं लाल झालेला, खाली कागदावर तिचं पाऊल, आणि त्या पावलाला चारच बोटं. मी तिचा पाय धरला, बोटं मोजली, परत मोजली, पाच होती. तिनं करंगळी दुमडून घेतली म्हणून उमटली नव्हती, एवढंच. आक्का मात्र तो कागद लांब धरून, डोळे बारीक करून बघत होत्या. "पुडीवर हेच छापायचं," म्हणाल्या. "पोरीनंच काढून दिलं बघ."

आक्का म्हंजे पंचवटीत आमच्या मागच्या गल्लीत बाळाचं उटणं बनवायच्या त्या. तुमच्याही गल्लीत असतील कोणीतरी अशा. दोन खोल्या, आणि पुड्या भरायला आम्ही तिघीचौघी बाया. दुपारी कौलातनं ऊन आत यायचं, त्यात आंबेहळदीची, नागरमोथ्याची धूळ तरंगत राहायची, आणि त्या पिवळ्या उन्हात आक्का बसलेल्या. मला वाटायचं मी जागी नाहीच, झोपेतच पुड्या भरतीये. आमची पोरं तिथं रडायची नाहीत, नुसती पेंगायची.

डोळे बारीक करायची त्यांना सवयच. काडीपेटी, चहाचा डबा, साबणाचा कागद, सगळ्यावरचं चित्र त्या असंच बघायच्या. "झोप लागता लागता जे डोळ्यापुढं राहतं ना, ती खरी खूण. बाकी नुसती नक्षी." मी चौथीतनं शाळा सोडलेली, मला काय कळतंय.

पहिल्या पुडीवर त्यांच्या यजमानांनी, देवाघरी जायच्या आधी, काढून घेतलेलं चित्र होतं. पाळणा, आई, देवी, कमळं, वर मोर. एवढ्याशा पुडीवर त्याचा नुसता काळा डाग व्हायचा. त्र्यंबककडच्या बाया बाजारला आल्या की दुकानात म्हणायच्या, "ते डागाचं उटणं द्या." आक्का हसून हसून लोळायच्या. "एवढी माणसं एका पुडीत कोंबल्यावर बाळ गुदमरंल नाय तर काय!" मग परातीत उटणं पसरून आम्हाला म्हणायच्या, "काढा गं काहीतरी. जिला वाचता येत नाय तिला घरी जाऊन सासूला बोटानं काढून दाखवता आलं पायजे." कोणी फूल काढायचं, कोणी पोपट, आक्का तळहातानं पुसून टाकायच्या. एक दिवस त्यांनीच मूठ टेकवली, वर बोटं टेकवली, पाऊल झालं. गोकुळाष्टमीला काढतो तसं. आणि पाऊल पाहिजे तर तायडी होतीच.

"पण पाच बोटांचं छापा ना आक्का," मी पाया पडले. "अपशकुन हाय. उद्या पोरगी लंगडी झाली तर?"

"अगं, पाच बोटांचं कोणाचंही. चार बोटांचं फक्त आपलं. तरी तू नको म्हण, नाय छापणार."

मला नको म्हणता आलं नाही. आक्कांपुढं कोणाला येतं?

आणि चाललं की ते! बाया दुकानात चार बोटं वर करायच्या, नाव घ्यायचंच काम नाही. "चार बोटी द्या." पण फाडलेल्या पुड्या रस्त्यात पडायच्या, लोक तुडवत जायचे, माझा जीव वरखाली. मी वेचून पदरात टाकायचे. आक्कांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी घाटावर बघते तर त्या पण धापा टाकत वाकून वेचतायत. "तुझ्या पोरीचा पाय हाय बाई, असा कसा टाकू."

मग तायडीला ताप आला आणि तोच पाय हलेना. मी अनवाणी पळत आक्कांकडं. त्यांचे हात उटण्यानं भरलेले, तशाच पिवळ्या हातांनी त्यांनी तिला घेतलं, रिक्षा थांबवली. दवाखान्याच्या बाकड्यावर म्हणाल्या, "उद्यापासनं पाच बोटं." जांघेत गाठ होती, डॉक्टरांनी चिरा दिला, पोरगी चालायला लागली. ते म्हणाले पाय गाठीमुळंच हलत नव्हता. मला पटलं पण, आणि नाही पण.

पाच बोटांच्या पुड्या माघारी यायला लागल्या. बाया म्हणायच्या, ही नकली. आमच्यातली शांता चिडली, "एका करंगळीपायी आमच्या चुली बंद का?" आक्का म्हणाल्या, "तायडीच्या जागी तुझी पोर असती तर?" शांता खाली बघत पुड्या बांधायला लागली.

या थंडीत आक्का गेल्या. दुपारी भिंतीला टेकल्या, आम्हाला वाटलं डोळे बारीक करून काहीतरी बघतायत. लय वेळ कोणी हाकच मारली नाही. आधी सांगून ठेवलेलं त्यांनी, काम तुम्हीच चालवा, आणि कुठलं पाऊल छापायचं ते हिला, म्हंजे मला, विचारा.

आता मी छापखान्यात उभी आहे. मशीनवरच्या दादांनी छापायचे दोन्ही ब्लॉक पुढं ठेवलेत, चार बोटांचा आणि पाच बोटांचा. "वहिनी, सांगा लवकर, मशीन थांबलंय." दारात शांता, नुसती बघतीये, तिच्या घरी तीन दिवस चूल धड पेटलेली नाही. आणि बाहेर ओट्यावर तायडी, तो पाय वर धरून, लंगडी खेळतीये, हसतीये. सांगा ना, तुम्ही असता तर कुठला उचलला असता?