काळी चारचा तंबोरा

आमच्या घरात गाणं तिचं आणि तंबोरा माझा. लग्न झालं तेव्हा मला सा आणि रे यांतला फरक कळत नव्हता. मी ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो, केसाच्या जाडीएवढी चूक शोधायची आणि माल परत पाठवायचा, हे माझं काम. बायको गाणारी मिळाली म्हटल्यावर मित्र म्हणाले, झालं, आता तुझं काही खरं नाही. खरंच नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिने तंबोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला लोखंडातलं एवढं बारीक कळतं, मग तारेतलं कळायला काय हरकत आहे?" तेव्हापासून रोज सकाळी मी बाहेरच्या खोलीत तंबोरा लावतो आणि ती आत चहा टाकते.

चहा टाकताना तिचा कान बाहेर असायचा. "पंचम उतरलाय." मी खुंटी पिळायचो. "आता चढवलात." मी परत सैल करायचो. "जोडाच्या दोन तारा एक होत नाहीयेत, भांडल्यासारख्या वाजतायत." खालच्या मजल्यावरचा मिक्सर, कुकरची शिट्टी, रस्त्यावरच्या घंटागाडीचं गाणं, एवढ्या गदारोळातून तिला माझी एक तार ऐकू यायची. आणि सगळं जमलं की ती काही म्हणायची नाही. हात पुसत बाहेर यायची, बसायची आणि गायला लागायची. छान लागलाय, असं तिने उभ्या संसारात एकदाही म्हटलं नाही. एकदा मी चिडून विचारलं, अगं, कधीतरी बरं म्हणत जा की. तर म्हणाली, "चहात साखर बरोबर पडली तर कोणी सांगतं का? कमी पडली तरच सांगतात." वादात मी तिच्याशी कधी जिंकलेलो नाही.

शहरात आमचा एक वृंद आहे. गाणाऱ्या सगळ्या बायका, वाजवणारे बहुतेक पुरुष: सतार, व्हायोलिन, बासरी, पेटी, तबला, आणि मागे दोन तंबोरे, त्यातला एक मी वाजवतो. कोजागिरीपासून गुढीपाडव्यापर्यंत आमचा हंगाम. कोजागिरीला पहिली मैफल, मग दिवाळी पहाट, थंडीत एक, आणि शेवटची पाडव्याच्या पहाटे गोदाकाठी. कोजागिरीच्या मैफलीची सुरुवात यमनच्या आलापीने होते. ती आलापी एकटीने घ्यायची असते, बाकी सगळे गप्प. ती हळूहळू वर चढते आणि वरच्या गंधारावर पोचली की सगळा वृंद तिला येऊन मिळतो. इतकी वर्षं ती आलापी माझ्या बायकोची आहे.

मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. वाचली, पण खोकला महिनोन्‌महिने गेला नाही, आणि गेला तेव्हा आवाजातलं काहीतरी घेऊन गेला. मधल्या स्वरांत गोडवा तसाच होता, पण वर जायला लागली की आवाज फाटायचा. ती थांबायची, पाणी प्यायची, म्हणायची, "अजून कफ आहे थोडा." कफ नव्हता. मला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, बहुधा तिलाही माहीत होतं. घरात ती नुसती खिडकीशी बसून राहायची. ताट तसंच सोडायची. फक्त रविवारी, वृंदाच्या तालमीहून आली की भाकरी मागून घ्यायची. म्हणून मी रविवारची वाट बघायला शिकलो.

श्रावणात एका दुपारी वृंदाची संचालिका घरी आली. ही माझ्या बायकोचीच शिष्या, परकर नेसायची तेव्हापासूनची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिला चिडवतो, ती हसते. बायकोला ती ताई म्हणते आणि मला काका, हे नातं कसं बसतं ते मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी ती हसली नाही. आत डोकावून म्हणाली, "काका, ताई नाहीत ना?"

"भाजीला गेलीय. बस."

"हंगामाची पत्रिका छापायला द्यायचीय. आलापीचं काय करू?"

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तीच बोलली. "आलापी दुसरीला दिली तर ताई वृंदात पाऊल ठेवणार नाहीत. तशीच ठेवली तर भर मैफलीत आवाज फाटेल, आणि त्यानंतर त्या घरातसुद्धा गाणार नाहीत. पट्टी उतरवली तर सहज गातील."

गाणाऱ्याची पट्टी म्हणजे पेटीवरची ती एक पट्टी, जिथून तो आपला सा धरतो. तिची काळी चार, आणि तिची म्हणून सगळ्या वृंदाची. काळी तीनवर आणलं की वरचा गंधारही तेवढाच खाली येणार, हाताशी येणार. वय झालेले कितीतरी गवई हे करतात, त्यात लाज नाही. पण मागे एका वयस्क बाईंसाठी वृंदाने पट्टी उतरवली होती, तेव्हा आमच्या बाईसाहेब सगळ्यांदेखत बोलून बसल्या होत्या, "माझ्यासाठी ज्या दिवशी पट्टी खाली आणाल, त्या दिवसापासून मी खुर्चीत बसून ऐकेन." ती बोलली की बोलली. माघार हा शब्द तिच्या माहेरीच नाही.

"त्यांना न सांगता उतरवली तर?" शिष्या म्हणाली.

"वेडी आहेस का? तुझ्या ताईंना? पहिल्या तारेला कळेल तिला."

"कळलं तर मी पाया धरेन. नाही कळलं तर हंगाम पार पडेल." तिचे डोळे भरले होते. "काका, मला त्या वृंदात हव्यात."

मलाही ती रविवारी भाकरी मागताना हवी होती. मी हो म्हटलं.

मग सगळ्यांनी मिळून चोरी सुरू केली. तिला वगळून व्हॉट्सॲपवर वेगळा गट झाला. सतारवाल्याने कुरकूर केली, तरफांच्या सगळ्या बारीक तारा परत लावायच्या म्हणजे खेळ नाही, पण लावल्या. तबलजी दुसरा तबला आणणार होता. पेटीवाल्याकडे स्केल चेंजर पेटी होती. त्या पेटीत आतली खूण सरकवली की बोट काळी चारवरच राहतं आणि आवाज मात्र खालचा निघतो. म्हणजे तिने वाकून पेटीकडे पाहिलं असतं, तरी डोळ्यांना काही कळलं नसतं. उरला फक्त कान, आणि तिच्या कानाला फसवायची पेटी अजून कुणी केलेली नाही, असं मी सगळ्यांना बजावून सांगत होतो. सांगताना मला अभिमानच वाटत होता.

बासरीवाला घोटीहून एसटीने येतो, तिकडे शाळेत मास्तर आहे. तो म्हणाला, "माझ्याकडं दुसरी बासरी हाय काका, त्यात काय. पण ताईंना कळंल ना?"

"कळेल बहुतेक."

"कळू द्या," तो म्हणाला. "शिव्या खाऊ सगळे."

तालीम गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या सभागृहात होती. सिंहस्थाच्या कामांनी सगळे रस्ते उकरून ठेवलेत, म्हणून मी लवकर निघतो असं सांगून पुढे गेलो आणि वृंदाचे दोन्ही तंबोरे काळी तीनवर लावून ठेवले. शेजारच्या मैदानात ढोल पथकाचा सराव चालला होता, खिडक्या थरथरत होत्या. मनात म्हटलं, बरंच आहे, ढोलाच्या आवाजात नाही कळायचं. पण ती रिक्षातून उतरली, आत आली, आणि नेमके ढोल थांबले. पोरं वडापाव खायला गेली असावीत.

ती जागेवर बसली. पदर सावरला. मी तार छेडली. मी मागे बसतो, पण त्या दिवशी जरा बाजूला सरकून बसलो होतो, तिचा चेहरा दिसावा म्हणून. स्वर चुकला की तिच्या कपाळावर एक आठी येते. पंचम, जोड, खर्ज. पंचम, जोड, खर्ज. सगळा वृंद श्वास रोखून बसलेला. शिष्येने तर मान खाली घातली होती. आठी आली नाही. तिने डोळे मिटले आणि त्याच सा वर सा लावला, जणू तो जन्मापासून तिचाच होता.

फार सुंदर गायली. खोटं कशाला सांगू? वर गेली, वरच्या गंधारावर टेकली, आवाज फाटला नाही, आणि बाकीच्या बायका तिला येऊन मिळाल्या. संपल्यावर सगळे टाळ्या वाजवायला लागले, तालमीत असं कधी होत नाही. शिष्येने तिला मिठी मारली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंत? काळी चार अजून आहे माझ्यात."

मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर आलो. पायऱ्यांवर बासरीवाला बासरी पिशवीत घालत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "नाय कळलं काका," एवढंच म्हणाला.

परतीच्या रिक्षात ती सगळा वेळ बोलत होती. दिवाळी पहाटेलाही मीच सुरुवात करते म्हणाली, पाडव्यालाही. "घे की," मी म्हटलं. घरी येऊन तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि त्या रात्री ताट मी तसंच सोडलं. आवाज जातो हो. आवाज सगळ्यांचा जातो, त्याचं दुःख मी गेले सहा-सात महिने गिळत होतो. पण तिचा कान जाईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. कान म्हणजे तर तीच.

मळ काढायचं निमित्त करून मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, शिट्ट्या वाजवल्या, ऐकू आली की बटण दाबायचं. तिने सगळी बटणं वेळेवर दाबली. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकं छान ऐकू येणारी माणसं थोडी. ती खूश झाली. शिट्टी कोणत्या स्वरातली, हे त्या तपासणीत विचारत नाहीत.

घरचा तंबोराही उतरवणं भाग होतं, नाहीतर रियाजात फाटला असता आवाज आणि सगळं उघडं पडलं असतं. मी रोज थोडा थोडा उतरवत गेलो आणि रोज आतून ओरडा पडायची वाट बघत राहिलो. आतून फक्त चहाच्या कपांचा आवाज यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मी जन्मभर तपासणीवाला. तिला पट्टीतलं कळलंही असेल, आणि मुद्दाम गप्प बसली असेल आमच्यासाठी, असंही मनात यायचं. तेवढी एक आशा होती. पट्टी एकवेळ सवयीने चुकेल, पण बेसूर तार ती कुणासाठी खपवून घेणार नाही.

म्हणून कोजागिरीला आठवडा राहिला असताना एका सकाळी मी पंचमाची तार मुद्दाम उतरवली. थोडीथोडकी नाही. जिन्यातून जाणाऱ्या दूधवाल्यालाही खटकावी इतकी. माझ्याच दातांत कळ येत होती. पंचम, जोड, खर्ज. मी वाजवत राहिलो आणि देवाला म्हटलं, आज मला शिव्या घालायला लाव तिला. सगळ्यांसमोर फजिती होऊ दे, हंगाम बुडू दे, पण आतून एकदा हाक येऊ दे, पंचम उतरलाय म्हणून.

ती हात पुसत बाहेर आली. माझ्यासमोर बसली, क्षणभर ऐकत राहिली. मी तिच्या कपाळाकडे बघत होतो.

"अहो," ती म्हणाली, "आज तंबोरा फार छान लागलाय. इतक्या वर्षांनी तयार झाला तुमचा कान."

आणि डोळे मिटून आलापी सुरू केली. मी त्या तारेला हात लावला नाही. सारखी केली असती तर तिला वाटलं असतं, मी बिघडवली. वरच्या गंधारापर्यंत पोचून तिने डोळे उघडले तेव्हा मला रडू आवरत नव्हतं, आणि ते पाहून ती इतकी हसली, आजारपणानंतर पहिल्यांदाच तशी हसली.

"असंच व्हायला हवं हो," ती म्हणाली, "कोजागिरीला लोकांचं."

मी हो म्हटलं.