रोज तीन चमचे खीर

चौथ्या सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता रुबिनाचं वजन ७६ किलो ५०० ग्रॅम भरलं. आधीच्या सोमवारी ते ७६ किलो ४०० होतं. म्हणजे शंभर ग्रॅम वाढ.

एरवी शंभर ग्रॅमकडे कोणी बघत नाही. दोन पेले पाणी प्यालं तरी त्याहून जास्त फरक पडतो. पण इथे वजन उतरायला हवं होतं आणि त्याला मुदत होती.

रुबिना तेहतीस वर्षांची. उर्दू शाळेत गणित शिकवते. नारपोलीत तिच्या घरी आठ लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, आहेत; ते तिचा मोठा भाऊ नदीम चालवायचा. नदीमचं लिव्हर निकामी होत आलं होतं. मुंबईच्या हॉस्पिटलने घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या केल्या. रक्तगट आणि बाकीच्या गोष्टी एकट्या रुबिनाच्या जुळल्या. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून दुसऱ्याला बसवता येतो; पुढे तो दोघांच्याही पोटात वाढतो. मात्र देणाऱ्याच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त असेल तर डॉक्टर पुढे जात नाहीत. रुबिनाच्या स्कॅनमध्ये ती चौदा टक्के निघाली. तिथल्या ट्रान्सप्लांट टीमला ती दहाच्या आत हवी होती. वजन ७८ होतं, ते ७४ पर्यंत आणायला सांगितलं. मुदत आठ आठवडे, त्यानंतर पुन्हा स्कॅन.

ते काम माझ्याकडे आलं. धामणकर नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये मी डाएटिशियन आहे.

कामाची पद्धत साधी आहे. माणूस दिवसभर जे खातो ते डायरीत लिहितो. आम्ही त्याच्या कॅलरी काढतो. शरीराला लागतात त्यापेक्षा रोज काही कॅलरी कमी द्यायच्या, म्हणजे शरीर साठवलेली चरबी वापरतं. रुबिनासाठी मी रोज सहाशे कमी धरल्या होत्या. पहिल्या सोमवारी वजन ७७.२ झालं, दुसऱ्या सोमवारी ७६.६. नंतर ते अडलं.

डायरी उत्तम होती. पोळ्यांची संख्या, भाताची वाटी, तेलाचे चमचे, सगळं वेळेसकट. चौथ्या सोमवारी ती डायरी आम्ही पहिल्या पानापासून वाचली.

"मॅडम, मी खोटं लिहीत नाय," रुबिना म्हणाली.

"तसं मी म्हटलेलं नाही."

"तुम्ही तेच पान तिसऱ्यांदा उलटलंत."

त्या पानावर लिहिलं होतं: खीर, ३ चमचे. दुसऱ्या सोमवारनंतरच्या मंगळवारपासून ही नोंद रोज होती. तिने कारणही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नदीमच्या पोटातलं पाणी काढावं लागलं, त्या दिवशी आईने मन्नत, म्हणजे नवस, मानली. चाळीस दिवस रोज खीर करायची, तिच्यावर फातिहा, म्हणजे कुराणातली प्रार्थना, द्यायचा आणि ती वाटायची. फातिहा झालेली खीर म्हणजे तबर्रुक, प्रसाद. भावासाठी केलेला प्रसाद बहिणीने नाकारायचा, हे त्या घरात बसणारं नव्हतं. तीन चमचे म्हणजे पंचेचाळीस मिलिलिटर, साधारण ऐंशी कॅलरी. तेवढ्या मी बाकीच्या जेवणातून काढून टाकल्या होत्या.

गोडाचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा अशाच पदार्थात. लाडू मोजता येतो, गुलाबजाम मोजता येतो. खीर, बासुंदी, शिरा यांना स्वतःचा आकार नाही. ज्या भांड्यात पडतात त्याचा आकार घेतात.

"चमचा दाखवा," मी म्हटलं. ओपीडीत आम्ही एका ट्रेमध्ये मापाचे चमचे आणि वाट्या ठेवतो.

तिने ट्रे पाहिला. "यात नाय. या सगळ्या चमच्या आहेत."

"मग चमचा कुठला?"

तिने दोन्ही हात फूटभर लांब धरले. "वाढायचा."

मराठी घरांत त्याला डाव म्हणतात किंवा पळी. तिच्या घरात तो चमचा, आणि खायची ती चमची. पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, छोटा की मोठा? ती म्हणाली होती, मोठा. मी मोठ्यासमोर खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले.

तिने तिथूनच घरी फोन लावला. आईने औषधाच्या मापाने चमच्यातलं पाणी मोजलं. साठ मिलिलिटर. तीन चमच्यांचे एकशे ऐंशी. ऐंशी नव्हे, सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी.

"गणिताची टीचर आणि एककात चुकली," रुबिना म्हणाली. "मुलांना कळलं तर वर्गात उभं करतील मला."

"फॉर्म माझा आहे," मी म्हटलं.

त्या दिवसापासून तीन चमच्यांच्या तीन चमच्या झाल्या. प्रश्न सुटला असं मी त्या पानाखाली लिहिलं.

पाचव्या सोमवारी वजन ७६ किलो २०० भरलं. आठवड्यात तीनशे ग्रॅम. माझ्या आकड्यांप्रमाणे निदान पाचशे उतरायला हवे होते.

दुपारी मुंबईहून ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा फोन आला. देणारा, घेणारा आणि डॉक्टर यांच्यामधलं सगळं काम हा माणूस बघतो. नदीमला पहाटे पुन्हा अ‍ॅडमिट केलं होतं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं माप, अकरावर गेलं होतं.

"मॅडम, डोनरचं काय?"

"तीनशे ग्रॅम उतरलं."

"महिन्यात?"

"आठवड्यात."

"टीम विचारतेय, दुसरा डोनर बघायचा का."

"घरात दुसरा नाही."

"म्हणूनच तर तुम्हाला फोन केला. सहा तारखा मागे-पुढे करून ऑपरेशन थिएटर धरलंय आम्ही."

"कुठून तरी जास्त कॅलरी जाताहेत. अजून सापडलं नाही."

"कारण नको मॅडम. जमणार की नाही, तेवढं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लिहून द्या."

मंगळवारी थायरॉइडची तपासणी केली. नॉर्मल. बुधवारी तेलाची बाटली भरून दिली आणि संध्याकाळी परत मोजायला लावली. तेल बरोबर होतं. पाळीच्या दिवसांत अंगात पाणी साठतं, तेही पाहिलं. तारखा जुळत नव्हत्या. गुरुवारी तिला आदल्या दिवसाचं सगळं खाणं तोंडी सांगायला लावलं, उलट्या क्रमाने. माणूस लिहिताना विसरतो ते असं सांगताना कधी कधी आठवतं. तिने सांगितलेलं आणि लिहिलेलं तंतोतंत जुळलं. उरलं होतं घर. शुक्रवारी सकाळी ओपीडी एका सहकारी डॉक्टरांवर सोपवून मी वजनकाटा पिशवीत घातला आणि निघाले. नाक्यावर रिक्षा वीस मिनिटं जागची हलली नाही. शेवटचा टप्पा चालत गेले.

घर लूमच्या शेडवर आहे. खाली आठ लूम चालू होते आणि वर स्वयंपाकघराची फरशी थरथरत होती. ओट्यावर काटा ठेवला आणि रिकामी वाटी त्यावर ठेवली. आकडा ११२ दाखवायचा, मग ११९, मग १०८.

"नाचतोय," मी म्हटलं.

"आमच्याकडं सगळंच नाचतं बाई," रुबिनाची आई म्हणाली. साठीच्या पुढच्या, अंगाने बारीक. "लग्न होऊन आले तवापासून भिंतीवरचं घड्याळ सरळ राहिलं नाय. तुम्ही काट्याचं काय घेऊन बसलात."

मन्नतीचा तो पंचविसावा दिवस होता. दोन लिटर दूध आटवून शेवयांची खीर झाली होती. तूप, साखर, खारीक, चारोळी. फातिहा झाला. वाट्या शेजाऱ्यांकडे गेल्या, खाली कारागिरांकडे गेल्या. रुबिनाने माझ्यासमोर तीन चमच्या खीर खाल्ली आणि डायरीत लिहिली. सगळं नियमाप्रमाणे होतं. साडेबारा वाजत आले होते. संध्याकाळी काय लिहायचं ते मला अजून माहीत नव्हतं.

आई नदीमविषयी सांगत होती. रुबिना मोरीपाशी पाट घेऊन बसली, पातेलं पुढ्यात ओढलं आणि उलथन्याने कडा खरवडायला लागली. कडेची साय, तळाच्या शेवया. खरवडलेलं बोटाने पुसून तोंडात टाकत होती आणि आईचं काही चुकलं की मधेच दुरुस्त करत होती.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"पातेलं घासायला घेतेय."

"खाताय तुम्ही."

"खात नाय, पुसतेय. नियाजचं, फातिहा झालेलं अन्न गटारात जाऊ द्यायचं नसतं. पाप लागतं."

"रोज?"

"रोज. हे पातेलं मीच घासते."

"डायरीत नाही."

ती थांबली. "याला खाणं म्हणतात का मॅडम?"

मी तिला हात धुवायला सांगितलं. पातेल्यात उरलेलं सगळं एका ताटलीत काढलं आणि काट्यावर ठेवलं. आकडा दीडशे आणि एकशे सत्तरच्या मध्ये धावत होता. वीस ग्रॅमच्या फरकावर मुंबईला काही लिहिता येत नाही. वाट बघत बसलो. पावणेएकला जुम्म्याच्या नमाजासाठी खालचे लूम एकेक करून थांबले. शेवटचा थांबला तेव्हा काटाही थांबला. ताटलीचं वजन वजा करून १५८ ग्रॅम. तिने आधी खाल्लेलं वेगळं.

तळाची खीर वरच्यासारखी नसते. दूध वाटण्यात जातं. शेवया, तूप आणि मेवा खाली राहतात. अंदाजे साडेतीनशे कॅलरी.

रुबिनाने एका पाकिटाच्या मागे आकडे मांडले. पातेल्याचे साडेतीनशे. चौथ्या सोमवारपर्यंत चमच्यांचे जादा अडीचशे. बेरीज सहाशे.

"रोज सहाशे कमी करायच्या होत्या ना?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे वजाबाकी शून्य."

आईने ते पाकीट हातात घेतलं. त्यांना आकडे वाचता येतात. "खिरीमुळं?"

"खिरीच्या मापामुळं," मी म्हटलं.

"त्याच्यासाठी करतेय आणि त्याच्याच आड येतेय मी."

"अम्मी, ते नंतर," रुबिना म्हणाली. "मॅडमना संध्याकाळी लिहून द्यायचंय."

"मन्नत मोडायला सांगणार असाल तर नाय जमणार, बाई. पंधरा दिवस राहिलेत."

"मोडू नका. मन्नत किती लिटरची मानलीत?"

"मन्नत लिटरची नसते. दिवसांची असते."

"मग पाव लिटर दूध घ्या."

"पाव लिटरवर फातिहा? चार घरांतसुद्धा वाटून होणार नाय. लोक म्हणतील, म्हातारीचं दूध संपलं."

"लोकांची तोंडं गोड करायचीत की भाईला उठवायचंय?" रुबिनाने विचारलं.

आईने पाकीट ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि पातेलं?"

"ते तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"पाणी घालून खंगाळीन आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतीन. मातीत गेलं तर चालतं. गटारात नाय." मग मुलीकडे बघून, "तू आजपासून पातेल्याला हात लावायचा नाय. घासायचंही नाय. मला ठाऊक हाय तुझी बोटं कशी आहेत ती."

संध्याकाळी सहाच्या सुमारास मी कोऑर्डिनेटरला लिहिलं: कारण सापडलं आहे. तीन आठवड्यांत वजन ७४ च्या जवळ येऊ शकतं. खात्री देता येत नाही. त्यांचं उत्तर आलं: खात्री मागितली नव्हती. तारीख कायम.

सहाव्या सोमवारी ७५.७. सातव्या सोमवारी ७४.९. त्या आठवड्यात नदीमच्या पोटातलं पाणी पुन्हा दोनदा काढलं. शनिवारी मन्नतीचे चाळीस दिवस पूर्ण झाले. आठव्या सोमवारी रुबिनाचं वजन ७४ किलो १०० ग्रॅम भरलं, ठरलेल्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त. ती काट्यावरून उतरली, कानातले काढले आणि पुन्हा चढली. आकडा तोच राहिला.

मंगळवारी मुंबईत स्कॅन झालं. लिव्हरमधली चरबी आठ टक्के. टीमने होकार दिला.

आमच्या ओपीडीच्या फॉर्मवर आता चमचा हा शब्द नाही. त्या जागी मिलिलिटर आहे, आणि माप पेशंटने घरून पाण्याने मोजून आणायचं असतं. शेवटी एक नवी ओळ टाकली आहे: भांड्यात उरलेलं कोण संपवतं? या ओळीपुढे आतापर्यंत बहुतेक वेळा बाईचंच नाव आलं आहे, आणि तिच्या डायरीत ती नोंद नसते.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. बहिणीचं आणि भावाचं, दोन्ही थिएटर मिळून बारा तास लागले. रुबिनाला आठव्या दिवशी घरी सोडलं. नदीमला पाचव्या दिवशी ताप आला, तो तीन दिवस राहिला. एकोणिसाव्या दिवशी त्याला वॉर्डातून सोडलं. तो अजून मुंबईत हॉस्पिटलजवळच्या खोलीत राहतो. गेल्या गुरुवारी त्याचं रक्त तपासलं. बिलिरुबिन १.१ आलं. नॉर्मल १.२ पर्यंत धरतात.