मारुतीचा शनिवार आणि माझे आठशे मीटर

पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. आमच्या आईला वाटायचं, उपाशीपोटी ते अंतर कमी होतं.

सोमवार आमच्या घरी आधीपासून होताच. मी भरतीचा अर्ज भरला आणि आईनं माझ्या नावावर मंगळवार चढवला, विघ्न येऊ नये म्हणून. मग कोणीतरी तिला सांगितलं की पळायचं खातं मारुतीकडं आहे. झालं, शनिवारही आला. भाऊ बारावीला दोनदा आपटला, पण त्याच्या दुधाच्या ग्लासाला कोणत्याही देवानं हात लावला नाही. नवस आईचे आणि पोट माझं.

आमच्याकडं उपास संध्याकाळी सुटत नाही, दुसऱ्या दिवशी सुटतो; सोमवारचा तर मंगळवार आडवा आल्यानं थेट बुधवारी. दिवसभरात दोन-तीन गोड चहा आणि दुपारी तेलात न्हाऊ घातलेली साबुदाण्याची उसळ. ती खाल्ली की पाऊण तास आपण पैलवान. त्यानंतर अशी झापड यायची की सामान्य ज्ञानाचं पुस्तक उशाला घेण्यापुरतंच कामी यायचं. आई म्हणायची, "अभ्यासानं थकली पोरगी." डोंबलाचा अभ्यास.

पहाटे आम्ही भरतीच्या मुली आमच्या बीबी गावाहून मेहकरकडं जाणाऱ्या रस्त्यावर पळायचो. शिकवायला गावातलेच एक निवृत्त फौजी होते. पहिले चारशे मीटर मी सगळ्यांच्या पुढं असायची. मग पायांत वाळू भरल्यासारखं व्हायचं आणि एकेक पोरगी मला मागं टाकून निघून जायची. फौजींनी एकदा मला बाजूला घेतलं.

"काऊन वं, शुक्रवारी बराबर पळतं, अन् मंगळवारी म्हातारी काऊन होतं?"

"मंगळवारी पोटात सोमवार असते, सर."

त्यांनी डोक्याला हात लावला. "उपास बंद कर, नाही तर भरती बंद कर," म्हणाले.

मैदानी चाचणीची तारीख आली ती नेमकी रविवारची, बुलडाण्याला. आई खूश. "पाह्य, मारुतीनंच दिवस काढला. शनिवारचा कडक उपास घडते तुले." मला मात्र घाम फुटला. वय निघून चाललं होतं. या वेळी नाही झालं तर घरात स्थळं तयारच होती.

शनिवारी सकाळी तिनं उसळीची बशी पुढं ठेवली. मी ती परत सरकवली.

"मले भाकर दे."

"शनिवार हाय वं."

"उद्या मारुती नाही पळणार. मले पळायचं हाय."

वाटलं, आता रामायण होणार. पण तिनं उसळीची बशी उचलली. चुलीवर तवा ठेवला, भाकरी थापली, वर तुरीचं घट्ट वरण वाढलं आणि म्हणाली, "खाय. तुहे वार मी धरते."

रविवारी चारशे मीटरनंतरही पाय माझेच राहिले. पुढं लेखी परीक्षाही निघाली आणि माझी निवड झाली. सगळं श्रेय अर्थातच मारुतीला गेलं, वरणाचं नाव कोणी काढलं नाही. गावभर बुंदीचे लाडू वाटले. आईनं त्यातला एकही खाल्ला नाही, कारण निकाल मंगळवारी लागला.

आज मी वर्दीत आहे आणि माझे तिन्ही वार अजून आईकडंच आहेत. उद्यापन कर म्हटलं तर म्हणते, तुहं लगन होऊ दे. मेहकरच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्या उपासाला चालतात का, हे तिनं मलाच विचारलं. जी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्या पुढं चालायची, ती आता वावरातून येताना निंबाखाली बसते आणि म्हणते, "तू हो पुढं, मी येतेच."

मागच्या सुट्टीत सोमवारी मीच भाकरी टाकली आणि ताट तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "तू खाय. आता तुहे वार मी धरते."

तिनं ताट माझ्याकडं सरकवलं. "येडी हायेस का? तुले ड्युटी हाय, पळावं लागते. उपाशी पोटी जीव राह्यते का अंगात?"

म्हणजे हिला माहीत होतं. मी तिच्यासमोर बसून ती भाकरी खाल्ली, आणि तिनं वरण वाढलं.