सड्यातली कोरडी जागा

आधीच सांगून टाकतो, मी या सदराचा वाचक नाही. माझी मेहुणी वाचते आणि मी तिची यथेच्छ टिंगल करतो. कुणी भुताखेताची गोष्ट सांगायला लागलं की माझा एकच ठरलेला प्रश्न असतो — "सॅम्पल घेतलं होतं का?" कारण माझं पोटच त्यावर चालतं. माती आणि पाण्याचं सॅम्पल घ्यायचं, बाटलीवर लेबल लावायचं, लॅबला पाठवायचं. रिपोर्टमध्ये आलं तर आहे, नाही आलं तर नाही, विषय संपला. गंमत अशी की या प्रकरणात सॅम्पल घेतलं होतं... मीच घेतलं होतं. म्हणून तर मेहुणीनं मला लिहायला बसवलंय.

नेवासा फाट्यावरून शेवगावच्या रस्त्याला लागून थोडं आत गेलं की एक बंद पडलेली डिस्टिलरी आहे. नाव लिहीत नाही. मालक कधीच गाशा गुंडाळून गेला, मागे राहिले ते मळीच्या पाण्याचे खड्डे. शेततळ्याएवढे, काळेकुट्ट आणि वास असा की जेवण जाऊ नये. ते पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं, विहिरींना चहाच्या रंगाचं पाणी यायला लागलं, आणि खड्ड्यांच्या मधोमध असलेली छोटी वस्ती उठून गेली. मालकाकडून छदाम निघणार नाही हे कळल्यावर शेवटी सरकारनं निधी दिला. जमीन साफ करायची आणि तिथे सोलर बसवायचं. खराब माती कमरेइतकी खरवडून न्यायची, नवी आणून टाकायची. कुठली माती खराब ते ठरवणार आमची कंपनी, म्हणजे साइटवर मी. नियम सरळ होता — नकाशावर खराब म्हणून जेवढं लाल, तेवढ्यालाच निधी. लाल नसेल तिथे जेसीबीचा दात लावायचा नाही.

मी सावेडीला राहतो, नगरमध्ये. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण नाही.) बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला. त्यामुळे लांबची साइट आली की ऑफिसात सगळ्या माना माझ्याकडे वळतात. "सर, तुम्हाला काय, घरी कोण वाट बघतंय!" चेष्टेत म्हणतात, मीही हसतो. आतून संताप होतो, पण हसतो. तर या साइटवर एक पत्र्याचं कंटेनर केबिन होतं, त्यात मुक्काम. सोबतीला गेटवरचा वॉचमन पवार. तो दिवसभर मोबाईलवर कुस्त्या बघायचा.

पहिल्याच आठवड्यात अण्णा आले. सत्तरीपुढचे, धोतर, पायात टायरच्या चपला. त्या उठलेल्या वस्तीतले. घर पडलं होतं, दगडसुद्धा लोकांनी नेले होते. राहिला होता एक उंबऱ्याचा दगड आणि त्याच्यापुढचं अंगण.

"साहेब, घर गेलं ते जाऊंद्या," अण्णा म्हणाले. "पर माजं आंगन खरवडू नका. आमची कारभारीन, आता न्हाई ती, रोज सडा टाकायची तितं. चार मेढी रोवून वर पत्रा टाकतो. एक रात तरी तितं झोपू द्या मला."

"अण्णा, या अंगाला खड्डा, त्या अंगाला खड्डा. मधली माती चांगली राहायला ती काय तुपात ठेवली होती?"

"तुमी बगा तर खरं."

बघायचं काय, मी ते अंगण आधीच लाल रंगवून टाकलं होतं. सॅम्पल न घेता. दोन खड्ड्यांच्या मधल्या जागेचं कुणी सॅम्पल घेतं का? पण अण्णा रोज यायला लागले. मुलगा चाकणला कंपनीत, हे नेवाशात एका खोलीत एकटे. पहिली एसटी धरायची, उंबऱ्यापाशी जाऊन बसायचं, ऊन चढलं की परत. माझ्याशी वाद नाही, विनवणी नाही. जाता जाता फक्त "बगितलं का?" एवढंच विचारायचं. शेवटी एकदाचं तोंड बंद व्हावं म्हणून मी सॅम्पल पाठवलं.

रिपोर्ट आला. माती स्वच्छ! म्हणजे शेतात असते तशी साधी, चांगली माती.

ऑफिसला वाटलं मी बाटल्यांची अदलाबदल केली. मलाही तसंच वाटलं. पुन्हा घेतलं, लेबल समोर धरून, स्वतः लॅबमध्ये नेऊन दिलं. पुन्हा तेच! आणि अंगणाच्या कडेबाहेर एक पाऊल टाकून फावडं मारलं तर खाली काळा चिखल, नाक धरायला लावणारा. माझं डोकंच सरकलं. पाणी काही अंगण बघून वळसा घालत नाही हो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या जागा नीट बघायला गेलो. अंगण ओलं होतं. ओलं म्हणजे सडा टाकलेलं. शेणाचा तो ओळखीचा वास आणि हातानं फेकलेल्या पाण्याच्या कमानी, एकीला लागून एक. फक्त उंबऱ्याजवळ एक जागा कोरडी होती. माणूस मांडी घालून बसेल एवढी.

मी तरातरा गेटवर गेलो. "पवार, अण्णांना इतक्या लवकर कशाला सोडलं आत?"

"अण्णा?" पवारनं मोबाईलमधून मान वर केली. "यष्टी तरी आली का अजून? गेटाचं कुलूप बगा की राव."

कुलूप लागलेलं होतं.

"मग शेण कुणी आणलं?"

"शेन? हितं? सायेब, हितं गुरं फिरकत न्हाईत. वास आला की माघारी वळत्यात."

थोड्या वेळानं अण्णा आले. नेहमीसारखे चालत अंगणात गेले आणि बरोब्बर त्या कोरड्या जागेत बसले. इकडे नाही, तिकडे नाही. खिशातून तंबाखूची डबी काढली.

मी सड्याचं विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोलतोय. "मी पहाटं च्या घेऊन हितंच बसायचो. ती सडा टाकायला यायची, म्हनायची, उठा. मी काय उठायचो न्हाई. मंग चिडायची अन् माज्या भवतीनं टाकायची. जलमभर तेच." हसले. "अजून उठा म्हनती का न्हाई ते काय ऐकू येत न्हाई. कानानं कमी ऐकू येतं आता."

मी केबिनमध्ये आलो. म्हातारा भ्रमिष्ट आहे असं स्वतःला सांगितलं. पण सडा तर मी बघितला होता ना!

पुढचे काही दिवस मी पाळतीवर होतो. जायचो तेव्हा अंगण ओलं झालेलंच असायचं. एकदा मात्र मुद्दाम लवकर जाऊन अंगणातच उभा राहिलो. फटफटलं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. अंगण कोरडं ठाक. पाठ वळवून खड्ड्याकडे तोंड केलं आणि बाटलीवर लेबल चिकटवायला लागलो... आणि मागे आवाज आला. पाणी फेकल्याचा. सपकन्. मग परत सपकन्, जरा जवळ. मी वळलो तेव्हा अंगण ओलं होतं, माझ्या बुटांच्या टोकापर्यंत. कोण नाही, कुठे पाऊल नाही. उंबऱ्याजवळची जागा कोरडी.

खरं सांगू? भीती वाटली नाही. लाज वाटली. कुणाच्या तरी दारात सकाळच्या पारी न विचारता, बूट घालून उभा राहिलो होतो मी. नकळत तोंडातून "चुकलं" निघून गेलं आणि मी मागे सरकलो.

अंगण लालमधून काढलं. कागदोपत्री बरोबरच होतं, रिपोर्ट होते. जेसीबी आले, चहूबाजूंनी माती गेली, ट्रकच्या ट्रक. मधे उंच राहिलं ते अंगण. अण्णांनी चार मेढी रोवल्या. मी स्टूल घेऊन कडेला बसायचो, दोघं माझ्या थर्मासमधला चहा प्यायचो. ते पीक कसं यायचं ते सांगायचे, बायको कशी फटकळ होती ते सांगायचे. मी फारसं बोलायचो नाही, पण सावेडीच्या फ्लॅटवर शनिवारी-रविवारी जायचं मी हळूहळू बंद केलं. जाऊन करायचं काय, टीव्ही लावायचा? पत्रा येत्या बाजाराला आणायचं ठरलं होतं.

आणि एका सकाळी मी थर्मास घेऊन गेलो तर अंगण पूर्ण ओलं. पूर्ण. उंबऱ्यापासून कडेपर्यंत एकसारखा सडा. कोरडी जागा नव्हती.

मी उभा राहिलो बघत. मला वाटतं मला तेव्हाच कळलं होतं. एसटीची वेळ झाली, टळली. मग पवार गेटकडून आला, या वेळी हातात मोबाईल नव्हता. "सायेब, अण्णा गेले. पहाटं. शेजारनीनं दार वाजवलं तवा कळलं."

मेढी तशाच राहिल्या, पत्रा आलाच नाही. त्यांची एक रात्र राहूनच गेली. हे मला फार लागलं. अजून लागतं.

त्यानंतर सडा पडला नाही, एकदाही नाही. मी रोज जायचो. काम संपत आलं, सोलरवाले मोजमापं घ्यायला लागले. योजनेचा नियम असा की काम पुरं करताना सगळीकडचं शेवटचं सॅम्पल घ्यायचं. अंगणाचंही घेतलं. बाकी सगळी जमीन स्वच्छ आली, नवीच माती ती. अंगण मात्र खराब. खड्ड्याच्या काठाची असावी तितकी खराब. ऑफिसचा फोन आला — "सर, आधीचे रिपोर्ट चुकले होते वाटतं. लालमध्ये घ्या आणि उरकून टाका." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ज्या दिवशी जेसीबी लागणार होता, त्या सकाळी मी शेजारच्या गावातल्या एका गोठ्यातून शेण मागून आणलं. ती बाई बघतच राहिली. बादलीत कालवलं आणि अंगणात टाकलं. जन्मात कधी केलं नव्हतं. कमानी कुठल्या यायला, नुसते थपके पडले, अर्धं माझ्याच पँटवर. बायको असती तर पोट धरून हसली असती. उंबऱ्याजवळची जागा तेवढी सोडली. मग थर्मास घेऊन तिथेच बसलो आणि चहा ओतला.

जेसीबीवाला आला, इंजिन चालू ठेवून खाली उतरला. "सायेब, उठा. तितनंच चालू करायचंय."

मी लगेच उठलो नाही. चहा पुरा संपवला. तो बिचारा थांबला.

लॅबवाले म्हणतात मशीनमध्ये काही गडबड झाली असेल. मेहुणीकडे तिची स्वतःची दोन-तीन उत्तरं आहेत. मी रिपोर्ट तेवढे जपून ठेवलेत, तिन्ही. तिथे आता सोलरच्या पाट्या लागल्यात, वीज चालू झालीय. मी सावेडीला परत आलोय. सकाळी चहा घेऊन फ्लॅटच्या दारातच बसतो, जिन्याकडे तोंड करून. झाडूवाली आली की आपण होऊन पाय वर घेतो. ती बाजूनं झाडून निघून जाते. उठा असं म्हणत नाही.