अडवून ठेवलेलं मेल

आमच्या चाकणच्या कारखान्यात गेटवर दोनदा झडती होते. आत येताना सिक्युरिटीवाला डबा उघडून बघतो आणि बाहेर पडताना पिशवी. कंपनीच्या मेलचंही तसंच असतं. तिथली झडती घेणारं अँटीव्हायरस सांभाळणं हे माझं काम होतं. येणारं प्रत्येक मेल कोणाच्या हाती पडण्याआधी हे सॉफ्टवेअर उघडतं, जोडलेली फाईल तपासतं, ओळखीचा व्हायरस दिसला तर पुसून टाकतं आणि नुसता संशय आला तर बाजूला अडवून ठेवतं. जाणाऱ्या मेललाही हेच, कारण आपल्याकडून एक जरी बिघडलेली फाईल ग्राहकाकडे गेली, तर ते पुढे आपलं एकही मेल घेत नाहीत. अडवलेलं मेल मग माणसाने उघडून बघायचं आणि सोडायचं की नाही ते ठरवायचं. सात वर्षं ते माणूस मी एकटीच होते.

मग ती आली. खरं सांगायचं तर मीच तिला आणली. ताथवड्याला इंजिनिअरिंगला आम्ही चार वर्षं एका बाकावर बसलो. ती लातूरकडची, मी पिंपरीची, कामगाराच्या घरातली. लग्नानंतर काही वर्षं नोकरी करून मग मुलीसाठी तिने ती सोडली होती. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिचा फोन आला, आणि मी आमच्या साहेबांपाशी शब्द टाकला. हे उपकार मी तिला कधी बोलून दाखवले नाहीत, पण मनात मात्र रोज उगाळत होते.

सहा महिन्यांत सगळा कारखाना तिला ओळखायला लागला. स्टोअरमध्ये जवळच्याच गावचे एक काका होते. त्यांचं मेल अडकलं की पूर्वी ते घाबरत घाबरत मला फोन करायचे. आता मी फोन उचलला की विचारायचे, "त्या ताई न्हाईत व्हय? मग ऱ्हाऊ द्या, करतो मी मागनं." आणि ठेवून द्यायचे. मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसायचे. कॅन्टीनमध्ये तिच्यासाठी जागा धरून ठेवलेली असायची. बसमध्ये मोशीपासून पुढे तिच्या भोवती हसणं चालायचं, आणि मी खिडकीकडे तोंड करून मोबाईल बघत बसायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मी कडक होते, हे मला मान्य आहे. मेल सोडवायला आलेल्या माणसाला आधी चार गोष्टी सुनावल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. ही कसली फाईल, कोणाकडून आली, न बघता का उघडता. बहुतेक वेळा मी ते मेल सोडायचेच नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा म्हणायचे आणि मोकळी व्हायचे. तिच्याकडे गेलेल्यांची मेल्स मात्र पाच मिनिटांत सुटायची. मी ठरवूनच टाकलं की ही बया न बघता सोडते. एक दिवस तोंडावर आपटेल, मग कळेल सगळ्यांना, अशी मी अगदी वाट बघत होते.

एका सोमवारी मी मुद्दाम तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. भोसरीच्या एका सप्लायरची एक्सेल फाईल अडकली होती. तिने मेलमधला नंबर घेतला नाही. आमच्या जुन्या यादीतला नंबर काढला आणि सरळ त्या माणसाला फोन लावला. आधी तब्येत विचारली, मग तुम्हीच पाठवलंय ना, काय काय आहे त्यात, कोणी बनवलं, असं सगळं गप्पा मारल्यासारखं काढून घेतलं. मग फाईल पुन्हा तपासली आणि सोडली. सात वर्षांत मी एकाही पाठवणाऱ्याला फोन केला नव्हता. हे आपल्याला सुचलं नाही म्हणून मला माझाच राग यायला हवा होता. पण आला तिचा.

त्यानंतर मी एक केलं. येणाऱ्या मेलचं काम तिच्याकडे राहू दिलं आणि जाणाऱ्या मेलच्या चाव्या स्वतःकडे ठेवल्या. साहेबांना सांगितलं की दोघींनी एकाच गोष्टीत हात घालायला नको. त्यांनी मान डोलावली. पुढे मी जाणाऱ्या मेलला एक नवा नियम लावला. ज्या एक्सेलमध्ये आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम असतील ती फाईल बाहेर जाताना अडवायची. असं मेल अडकलं की पाठवणाऱ्याला सूचना जाते, पण त्या सूचनांवरून मला दिवसभर फोन यायला लागले, म्हणून मी सूचनाच बंद करून टाकल्या. तेव्हापासून कारखान्यात रिवाज पडला की महत्त्वाचं काही पाठवलं की मला फोन करून विचारायचं, "गेलं का?" फोन माझ्याच टेबलावर यायचे, त्यामुळे तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सांगायचं राहून गेलं, असं मी तेव्हा स्वतःला म्हणत असे.

त्याच सुमारास आमचे साहेब निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या जागेसाठी आम्ही दोघीच होतो. मला ती खुर्ची हवी होती. तिलाही हवी होती, पण तिचं कारण वेगळं होतं. आम्हाला एक आठवडा आड दुसरी शिफ्ट असायची. त्या आठवड्यात ती घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची, आणि सकाळी शाळेच्या घाईत काय ते बोलणं व्हायचं. साहेबांच्या जागेला शिफ्ट नव्हती. तिने मला बसमध्ये सांगितलं होतं, "ही जागा मिळाली तर रोज संध्याकाळी लेकीजवळ बसता तरी येईल. ती आता मला काही सांगतच नाही ग, सगळं शेजारच्या काकूंना सांगायलीय." मी हं म्हटलं. तिला लोकही हवेत आणि लेकही, असं काहीतरी माझ्या मनात आलं. आज लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

अर्ज शुक्रवारी पाचच्या आत मुख्य कार्यालयाला मेल करायचा होता. अर्जाचा नमुना त्यांनीच पाठवलेला, एक्सेलचा, आणि त्यात नेमके तसले प्रोग्राम. आपला नंबर टाकला की नाव, खातं, सगळं आपोआप भरायचं. माझाच नियम असल्यामुळे ही फाईल अडकणार हे मला ठाऊक होतं. मी अर्ज भरून त्याची पीडीएफ केली आणि सकाळीच पाठवली.

तिने दुपारी तीननंतर पाठवला. पाठवता पाठवताच लाईनवरून बोलावणं आलं. लेबल छापणारा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि गाड्या खोळंबल्या होत्या. ती पळत गेली. मी अडवलेल्या मेलची यादी उघडली, तर सगळ्यात वर तिचं नाव. मी मेल उघडलं. अर्ज वाचला. चांगला लिहिला होता, माझ्यापेक्षा चांगला. खाली हिरवं बटण होतं, सोडा म्हणणारं. एकदा दाबायचं, एवढंच काम. मी माउस त्याच्यावर नेलासुद्धा. मग स्वतःला सांगितलं की नियम तो नियम, ओळखीच्या माणसासाठी मोडायचा नाही. ती खिडकी बंद केली आणि चहाला गेले. पाच वाजले तेव्हा ती अजून लाईनवरच होती.

पंधरा दिवस तिला कोणाचा फोन आला नाही. मुख्य कार्यालयात एकदा विचारू का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, मागे लागलेलं त्यांना आवडत नाही. मग माझं नाव जाहीर झालं. तिने दुसऱ्या दिवशी पेढे आणले, पैसे स्वतःचे, आणि सगळ्या खात्यात वाटले. मला म्हणाली की सात वर्षं तू एकटीने हे ओढलंस, तूच हवी होतीस. मी पेढा खाल्ला. तिच्या आवाजात खोट शोधली, सापडली नाही. आणि खरं सांगते, मला त्याचाही हेवा वाटला. तिच्या जागी मी असते तर पेढे सोडा, आठवडाभर बोलले नसते.

साहेब झाल्यावर माझं जुनं काम कोणाला तरी द्यायला हवं होतं, आणि खात्यात ते येणारी ती एकटीच होती. अडवलेलं मेल महिनाभर यादीत राहतं, मग नोंदीसकट आपोआप निघून जातं. मध्येच पुसलं तरी कोणी पुसलं, किती वाजता, ही नोंद राहतेच, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. महिना भरेपर्यंत काम टोलवत राहावं असा बेत होता. पण वरून विचारणा झाली, आणि एका सकाळी मला तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसावं लागलं.

मी एकेक दाखवत होते. येणारं कुठे, जाणारं कुठे, यादी कशी वाचायची. ती यादी हळूहळू खाली सरकवत गेली आणि थांबली. तिचं नाव, तो शुक्रवार. अडवलं, तीन वाजून दहा मिनिटं. उघडून पाहिलं, तीन बेचाळीस, आणि पुढे माझं नाव. सोडलं, या रकान्यात काहीच नाही.

तिने ती ओळ वाचली. बहुतेक दोनदा वाचली. मी म्हटलं, "त्या दिवशी फार गडबड होती ग. राहून गेलं."

तिने भांडावं असं मला वाटत होतं. ती भांडली असती तर मीही भांडले असते, नियमाचं काहीबाही बोलले असते. तिने फक्त बाण त्या ओळीवर नेला आणि विचारलं, "याचं आता काय करायचं? सोडायचं का पुसायचं?"

ठरवायचं मलाच होतं, साहेब मीच होते. मी म्हटलं, "पूस."

तिने पुसलं. नोंदीत आता तिचं नाव आलं, माझ्या नावाखाली. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "झालं मॅडम. पुढचं सांगा."

अठरा वर्षांत तिने मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. मी पुढचं सांगायला लागले.